मदत हवी आहे: वाई – महाबळेश्वर – तापोळा – कास – सातारा, निवांत सायकलसहल

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या मध्यात मी, नवरा आणि नणंद असे तिघं कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यांत सायकलने फिरायचं म्हणतोय. तिघंही पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. स्ट्राव्हावर (सायकलफेऱ्या नोंदवायच्या ॲपवर) झळकायची हौस नाही. दिवसाला जास्तीत जास्त ३०-३५ किमी, दुपारी पोटभर पिठलं-भाकरी आणि जमल्यास वामकुक्षी.

मनात आहे ते असं: वाईला मुक्काम, सकाळी मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा. दुसऱ्या दिवशी पसरणी घाटाने पाचगणी, पुढे महाबळेश्वर. तिथून तापोळ्याला उतरायचं, शिवसागर जलाशय लाँचने पार करून बामणोली, मग कास, आणि यवतेश्वरच्या घाटाने खाली साताऱ्यात. फुलं तेव्हा संपलेली असतील, पण गर्दीही संपलेली असेल, त्यामुळे चालेल.

नणंदेचं म्हणणं, साताऱ्याहून सुरू करू, म्हणजे पसरणी उतरायला मिळेल. घरात यावरून दोन तट पडलेत. कोणती दिशा बरी? लाँचमध्ये सायकली घेतात का? आणि नवऱ्याच्या सायकलला पुढे एकच चक्र आहे, ४४ दातांचं, मागचं सर्वांत मोठं २८ चं. घाटात निभेल?

प्रतिसाद:

ताई, वाईहूनच निघा. पसरणीचा चढ साधारण १२ किमीत साडेपाचशे मीटरचा आहे, पण एकसारखा आहे; उजाडताच निघालात तर गाड्यांची रांग लागायच्या आत पाचगणीत चहा घ्याल. उलट आलात तर तापोळ्याहून महाबळेश्वर गाठताना जवळजवळ सातशे मीटर चढावे लागतील, तेही कासचा चढ आदल्या दिवशी पायांत असताना. तुमच्या दिशेने बामणोली ते कास हा एक चढ उरतो, तो खडा आहे, पण जमतो. ढकलत नेली तरी कोणी हसत नाही.

४४ ला २८ म्हणजे गुडघ्यांशी वैर. मागे सर्वांत मोठं चक्र ३४ दातांचं असलेलं फ्रीव्हील (मागच्या चक्रांचा संच) बसवून घ्या. मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढं पेलतो का आणि साखळी वाढवावी लागेल का, हे मेकॅनिकला आधीच विचारा. आयत्या वेळी नको. ब्रेकपॅडही नवे टाका. यवतेश्वर उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, थोडं दाबा, थोडं सोडा.

सायकलींचं लाँचवाल्यांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. नाहीच जमलं तर महाबळेश्वरहून केळघर घाटाने मेढ्याला उतरा आणि वेण्णा नदीच्या काठाकाठाने सातारा गाठा. जंगल थोडं कमी, पण रस्ता सुरेख.

आणि साडेपाचनंतर सायकलवर राहू नका. त्या बाजूला गवे आहेत, वळणावर अचानक समोर येतात.

धागाकर्ती:

खूप आभार! आकडे मोठ्याने वाचून दाखवले, नणंद गप्प. फ्रीव्हीलचं या रविवारीच बघतो. केळघरचा पर्याय मला जास्तच आवडायला लागलाय, त्यामुळे अजून एक: मेढ्यात तिघांना रात्री राहण्यासारखं साधं, स्वच्छ काही आहे का? सायकली आत ठेवू देणारं असेल तर फारच उत्तम.