मदत हवी आहे: अंधारबन ते कोलाड, पाठीवर सॅक घेऊन

नमस्कार मंडळी, आम्ही चौघं पुण्याहून ऑक्टोबरमध्ये निघतोय. ताम्हिणीजवळच्या पिंपरी गावातून (चिंचवडवाली नव्हे, घरच्यांना हे तीनदा सांगून झालंय!) अंधारबनाच्या जंगलात शिरायचं, हिर्डी गावात मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी भिऱ्याला उतरायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कोलाडजवळ कुंडलिका नदीत राफ्टिंग.

खरी अडचण भिऱ्यानंतरची. कुंडलिकेला राफ्टिंगपुरतं पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडल्यावर, तेही सकाळी. म्हणजे आदल्या रात्रीच कोलाडच्या बाजूला पोचायला हवं. संध्याकाळी भिऱ्याहून एसटी मिळते का, की जीपच ठरवावी? चौघांत जीप परवडेल असं वाटत नाही.

हिर्डीत कुणाच्या घरी जेवणाची सोय झाली असेल तर अनुभव सांगा, म्हणजे स्टोव्ह आणि भांडी वाहायला नकोत. राफ्टिंगच्या वेळी मोठ्या सॅक कुठे ठेवता? आणि आमच्यातल्या एकाला पोहता येत नाही, वर जाड भिंगांचा चष्मा. लाइफ जॅकेट असतं हे माहीत आहे, पण चष्म्याचं काय करता? नुसती दोरी पुरते का?