'बॅलड' म्हणजे पोवाडा? (तुतारीसकट)

खुंटीवरचा सदरा
आमच्या छोट्या श्रवणमंडळात या महिन्यात अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनची 'विथ स्ट्रिंग्ज' ही तबकडी ऐकायची आहे. न्यूयॉर्क, जानेवारी १९५५, तीन दिवसांत बारा गाणी. ब्राउन तेव्हा चोवीस वर्षांचा, पुढच्या वर्षी जूनमध्ये मोटार अपघातात गेला. पत्रकासाठी मी चार ओळी लिहिल्या, त्यात 'ट्रम्पेटवरचे रोमँटिक बॅलड्स' असं होतं. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी ते 'मराठीत' करून पाठवलं: तुतारीवरील शृंगारिक पोवाडे, तंतुवाद्यांच्या साथीने. कोशात बॅलड म्हणजे पोवाडाच दिलाय म्हणे. पत्रक उद्या संध्याकाळी छापायला जातंय. बरा शब्द सुचवा.

बारभाई
काकांना हसू नका. अ‍ॅकवर्थसाहेबाने पोवाडे इंग्रजीत नेले तेव्हा पुस्तकाचं नावच 'बॅलड्स ऑफ द मराठाज' ठेवलं (१८९४). तेव्हापासून कोशांत हे जोडपं सुखाने नांदतंय. पण तो बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं लोकगीत. जॅझवाल्यांचा बॅलड म्हणजे संथ, हळवं प्रेमगीत. पोवाड्याला डफ लागतो, तुणतुणं लागतं, जी जी जी करणारे झीलकरी लागतात आणि मुख्य म्हणजे अफझलखान लागतो. या तबकडीत अफझलखान कोण?

नेमस्त
सरळ 'भावगीत' म्हणा. साडेतीन मिनिटं, हळवी चाल, मागे व्हायोलिन्स. आणखी काय हवं?

ओसरी
भावगीत म्हणजे आधी शब्द. इथे गायकच नाही.

नेमस्त
प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' ऐकलं असेलच. तिथे कुठे गायक आहे? तरी शब्द ऐकू येतात. ब्राउन तेच करतोय. एरवी इतका चपळ वादक, पण इथे मूळ चाल फारशी मोडत नाही. ओळ संपताना शेवटचा स्वर आधी सरळ धरतो आणि सोडता सोडता त्याला किंचित कंप देतो. एवढंच. म्हणून तर कट्टर जॅझवाले या तबकडीला नाकं मुरडतात, की यात तानाबाजी कुठाय!

मंद्र
वादकांच्या बोलण्यात बॅलड ही लयच झाली आहे. 'आता एक बॅलड घेऊ' म्हणजे आता एक संथ घेऊ. म्हणून 'विलंबित' जवळचं. आणि खरं खटकतंय ते 'साथ'. साथीदार मुख्य कलाकाराकडे बघत, अंदाज घेत वाजवतो. इथे संगीत-संयोजक नील हेफ्टीने व्हायोलिनांची ओळन् ओळ आधी कागदावर लिहिलेली. ती साथ नाही, ती गादी आहे. घालून ठेवलेली.

ओसरी
'गादीवरील विलंबित पोवाडे.' छापा.

मडगांवकर
माझे मामा पन्नास-साठच्या दशकांत मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवायचे. चिक चॉकलेटच्या पिढीतले. (हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ताजमध्ये त्याचा बँड होता, 'अलबेला' सिनेमात सी. रामचंद्रांच्या गाण्यात पडद्यावरही दिसतो.) मामांच्या तोंडी बॅलड हा शब्द मी कधी ऐकला नाही. ते म्हणायचे 'स्लो'. रात्री अकरानंतर मॅनेजर खूण करायचा, 'दोन स्लो मार', म्हणजे जोडपी जवळ येतील आणि ड्रिंक्स खपतील. मग मामा रुमालाने ओठ पुसत, नळीच्या खालची चावी दाबून साठलेलं पाणी फुंकून काढत, मगच पहिला स्वर. स्लोमध्ये घरघर लपत नाही म्हणायचे, फास्टमध्ये सगळं खपतं.
मराठी शब्दच हवा तर आमच्या गोव्याचा 'मांडो' घ्या. संथ, विरहाचा, मागे व्हायोलिन, आणि मुळात नाचायचं गाणं. बॅलड शब्दही नाचण्यावरूनच आलाय, जुन्या प्रोव्हांसालमधला 'बालादा'. बॉलरूम, बॅले, सगळी एकाच घरची पोरं.

शुद्धमती
मांडो सुंदरच, पण तो कोंकणी. मराठी शब्द मागितलाय.

मडगांवकर
हा वाद इथे नको, बाई. दोन्हीकडची माणसं म्हातारी झाली तरी तो संपलेला नाही. 'तबकडी' तरी कुठे शुद्ध मराठी आहे? तबक फारसीतून आलं.

शुद्धमती
आलं आणि रुळलं. 'स्लो' रुळलेला नाही. उद्या 'दोन फास्ट पोवाडे' म्हणाल.
आणि तुतारीत काय वावगं आहे? केशवसुतांना चालली.

बारभाई
केशवसुतांची तुतारी जुन्या जगाला हाक द्यायला आहे, प्रेयसीच्या कानाशी कुजबुजायला नाही. शिवाय तुतारीला चाव्या नसतात, मोजके स्वर निघतात. तिच्यावर प्रेमगीत वाजवून दाखवा, मी पगडी उतरवतो.

मंद्र
युरोपातली ट्रम्पेटसुद्धा १८१८च्या सुमारास झडपा येईपर्यंत तशीच होती की! राजाची स्वारी आणि लढाई, ही मुख्य कामं. म्हणजे तुतारी ही ट्रम्पेटची न शिकलेली बहीण.

ओसरी
२०२४च्या लोकसभेत हाच घोळ झाला होता. एका पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस आणि अपक्षांना मिळालेल्या ट्रम्पेटचं मराठी नावही तुतारी. लोक त्या ट्रम्पेटला पिपाणी म्हणत होते. लोकांनीच भाषांतर केलंय, तुम्ही कशाला डोकं शिणवता?

शुद्धमती
पिपाणी जत्रेत मिळते. मामांसमोर म्हणून बघा.

मडगांवकर
मामांनी पिपाणीच फेकून मारली असती. मंद्र, 'युरोपातली ट्रम्पेट' का? आमच्या घरी 'तो ट्रम्पेट' होता.

मंद्र
तुतारी ती, म्हणून ट्रम्पेट ती. सनईसुद्धा ती.

नेमस्त
व्हायोलिन ते, गिटार ती, पियानो तो. नियम नाहीच. पण वाद्य ते, म्हणून ट्रम्पेट ते.

बारभाई
मग 'शीळ' ती आणि 'शिट्टी' पण ती, फुंकून वाजतं ते सगळं स्त्रीलिंगी, असा काही...

नेमस्त
शंख?

खुंटीवरचा सदरा
मंडळी, पत्रक गेलं. मी 'बॅलड' तसाच ठेवला होता, काकांनी छापखान्यात जाऊन शेवटची 'दुरुस्ती' केली. सकाळपासून दोन फोन आले. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलंय, शाहीर कोण आहेत आणि कार्यक्रम वेळेवर सुरू होईल ना.

मडगांवकर
शाहीर ब्राउन. पण तो ट्रम्पेटच.