उत्तर: रविवारची महाआरती अर्धा तास आधी घेता येईल का?

प्रेषक: शॉम्बर्गकर
२८ ऑगस्ट २०२४

मंडळी, नमस्कार.

यंदा चतुर्थी शनिवारी, ७ सप्टेंबरला. आपला मोठा कार्यक्रम रविवारी ८ तारखेला, आणि महाआरती दुपारी बाराला. नेमकी बारालाच सोल्जर फील्डवर आपल्या शिकागो बेअर्सची टायटन्सशी सीझनची पहिली (अमेरिकन) फुटबॉल मॅच आहे. आरती साडेअकराला घेतली तर बाप्पाचंही होईल आणि केलेब विल्यम्सचंही.

हसू नका. कटलर, ट्रुबिस्की, फील्ड्स हे आपले आधीचे क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून संघाचा हल्ला चालवणारे; तिघांच्याही जर्सी मी हौसेने घेतल्या आणि तिन्ही आता गॅरेजमध्ये गाडी पुसायला आहेत. पण या वेळी प्रकरण वेगळं आहे. विल्यम्स म्हणजे ड्राफ्टमधला (कॉलेजचे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडण्यातला) पहिला क्रमांक, २०२२ चा हाइझमन, म्हणजे कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, विजेता क्वार्टरबॅक. नवव्या क्रमांकावर रोम ओडुंझे. आधीपासून डीजे मूर आहेच, वर चार्जर्सकडून कीनन ॲलन आणलाय. असे तीन रिसीव्हर, म्हणजे फेकलेला बॉल झेलणारे, शिकागोत मी तरी पाहिलेले नाहीत. माझा अंदाज लिहून ठेवा: विल्यम्सच्या पासचे ४,००० यार्ड्स, ३० टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं), तिन्ही रिसीव्हर हजारच्या वर, आणि प्लेऑफ.

आरतीचं बघा जरा.

प्रेषक: कार्यवाह
२८ ऑगस्ट २०२४

आरती बारालाच होईल. हॉल आपल्याला दहानंतर मिळतो आणि गुरुजींना त्याच दिवशी अजून दोन घरी जायचं आहे. जेवणाच्या हॉलमधला प्रोजेक्टर मुलांच्या कार्यक्रमासाठी आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

ही लिस्ट मंडळाच्या सूचनांसाठी आहे. तरीही फुटबॉलवर लिहायचंच असेल तर याच विषयाखाली लिहावं, म्हणजे ज्यांना नको त्यांना एकदम डिलीट करता येईल. क्रिकेटच्या उपमा देऊन कुणी कुणाला समजावू नये. मागे तो धागा धोनीवर गेला आणि हॉलच्या बुकिंगची मेल त्यात बुडाली.

प्रेषक: नेपरव्हिलचे काका
२९ ऑगस्ट २०२४

शॉम्बर्गकर,

आरती हलणार नाही हे तुमची मेल वाचतानाच कळलं होतं. आकड्यांचं बोलू.

चार हजार यार्ड्स म्हणता. हा क्लब १९२० चा. एवढ्या वर्षांत आपल्या एकाही क्वार्टरबॅकने एका सीझनमध्ये चार हजार यार्ड्स फेकलेले नाहीत. लीगच्या ३२ संघांत असा संघ आपलाच. आपला विक्रम एरिक क्रेमरचा, १९९५ चा: ३,८३८ यार्ड्स, २९ टचडाउन. तो विक्रम तुम्ही बावीस वर्षांच्या पोराकडून पहिल्याच वर्षी मोडून घ्यायला निघालात.

मी शिकागोत आलो तेव्हा वॉल्टर पेटन खेळत होता. जानेवारी १९८६ मध्ये सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंडला ४६–१० असं लोळवलं, त्यावर हे शहर अजून जगतंय. तो संघ डिफेन्सचा आणि पेटनचा. क्वार्टरबॅक मॅकमॅहन होता चांगला, पण त्याच्याकडे कुणी चार हजार मागितले नव्हते. पुढे मात्र जो नवा येईल त्याच्या गळ्यात आपण हार घालतो आणि तीन वर्षांत काढून घेतो. ट्रुबिस्कीला २०१७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, त्याच ड्राफ्टमध्ये माहोम्स, आजचा सगळ्यांत नावाजलेला क्वार्टरबॅक, दहावा गेला. आता तो कुठेही जावो, लोक त्याला माहोम्सच्याच शेजारी उभं करून बघणार.

या वर्षी सगळ्यांची डोकी ह्यूस्टनच्या स्ट्राउडने फिरवली आहेत. गेल्या सीझनमध्ये रुकी, म्हणजे पहिल्या वर्षाचा, असून ४,१०८ यार्ड्स आणि इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास) फक्त ५. तो अपवाद आहे. पेटन मॅनिंगने १९९८ मध्ये पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन दिली आणि संघ ३–१३ (तीन विजय, तेरा पराभव) झाला. ट्रॉय एकमन १९८९ मध्ये ११ मॅचेसना सुरुवातीपासून खेळला, एकही जिंकला नाही. दोघे आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती मान्य करतो. पहिल्या क्रमांकाचा मुलगा बहुतेक वेळा लीगमधल्या सगळ्यात वाईट संघाच्या पदरात पडतो. विल्यम्सचं तसं झालं नाही. हा क्रमांक आपण हरून मिळवलेला नाही, तो कॅरोलायनाचा. २०२३ च्या मार्चमध्ये आपण आपला पहिला क्रमांक त्यांना दिला, बदल्यात मूर आला आणि पुढचे ड्राफ्टचे क्रमांक आले. मग कॅरोलायना २–१५ झाली आणि त्यांचा क्रमांक पुन्हा पहिलाच निघाला. त्यामुळे पोराला घर सजवलेलं मिळालंय.

पण सजावट दिवाणखान्यात आहे. मी बघणार आहे ते त्याला वाचवायला पुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांकडे, लाइनकडे. त्यांच्याबद्दल तुमच्या मेलमध्ये अवाक्षर नाही.

प्रेषक: ऑरोराहून
३० ऑगस्ट २०२४

काका, शॉम्बर्गकर,

माझा मुलगा शाळेच्या संघात रिसीव्हर आहे, त्यामुळे शुक्रवारच्या रात्री ब्लँकेट गुंडाळून बाकावर बसणं आणि त्याचे कोच काय ओरडतात ते ऐकणं हा माझा अभ्यास. ते पोरांना पावलं मोजायला लावतात. स्लँट असेल तर तीन पावलं आणि आत. आउट असेल तर पाच आणि बाहेर. आपल्याला टीव्हीवर वाटतं, रिसीव्हर मोकळा झाला म्हणून बॉल आला. खरं तर तो वळायच्या आत बॉल हातातून सुटलेला असतो. माझ्या लेकाने एकदा एक पाऊल जास्त घेतलं, तर बॉल सरळ डिफेंडरच्या छातीवर. कोचनी क्वार्टरबॅकला एक शब्द बोलला नाही, याला बाकावर बसवलं.

सांगायचं कारण, तीन मोठी नावं एकत्र आली म्हणजे ही पावलं आपोआप जुळत नाहीत. ॲलन स्लॉटमधला, म्हणजे कडेच्या रिसीव्हरच्या आत उभा राहणारा, मुरलेला माणूस. समोरचा कसा उभा आहे ते बघून तो आपला रूट, म्हणजे धावायची ठरलेली वाट, तिथल्या तिथे बदलतो. चार्जर्सचे क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्स आणि हर्बर्ट यांच्याबरोबर त्याची वर्षं गेली, त्यांना ते कळायचं. विल्यम्सला ते कळायला वेळ लागेल. मूरला बॉल हातात आल्यावर पळायचं असतं. आणि ओडुंझे वॉशिंग्टन विद्यापीठात क्वार्टरबॅक पेनिक्सकडून उंच, लांब बॉल घ्यायला सोकावलेला. गेल्या वर्षी १,६४० यार्ड्स, कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यांत जास्त.

शिवाय बॉल एकच. गेल्या सीझनला ॲलनकडे दीडशे वेळा फेकला होता, मूरकडे १३६ वेळा. दोघांना तेवढंच द्यायचं म्हटलं तर ओडुंझे, टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा) कोल कमेट आणि मागचे पळणारे यांनी काय बघत बसायचं? तिघे हजारच्या वर जाणं विसरा. ओडुंझेचा आकडा तिघांत लहान येईल आणि नोव्हेंबरात कुणीतरी त्याला फुकट गेला म्हणेल. ती मेल मी आत्ताच वाचल्यासारखी वाटते.

मला भीती आहे ती वेगळीच. विल्यम्सचे कॉलेजचे जे व्हिडिओ सगळे एकमेकांना पाठवतायत ते बहुतेक खेळ फिसकटल्यानंतरचे आहेत: मागे पळ, गिरकी घे, कुणीतरी मोकळा होईल. इथे डिफेन्सचे लोक त्याच्याइतकेच वेगवान आहेत.

आरतीला येताना मोदक आणतेय, उकडीचे. नारळ खवून देणारी दोन माणसं हवीत.

प्रेषक: शॉम्बर्गकर
९ सप्टेंबर २०२४

जिंकलो! २४–१७, तेही ०–१७ ने मागे असताना. (मी आरतीत होतो. फोन खिशात होता. कार्यवाहांनी बघितलेलं नाही असं गृहीत धरतो.)

विल्यम्स: २९ पैकी १४ पास पूर्ण, ९३ यार्ड्स. ऑफेन्सचा एकही टचडाउन नाही. एक टचडाउन अडवलेल्या पंटवर (लाथेने लांब मारलेल्या बॉलवर), दुसरा आपल्या डिफेन्समधल्या स्टीव्हनसनच्या इंटरसेप्शनवर. काका, बोलू नका.

प्रेषक: नेपरव्हिलचे काका
९ सप्टेंबर २०२४

बोलत नाही. मोदक उत्तम होते.

प्रेषक: शॉम्बर्गकर
१३ ऑक्टोबर २०२४

लंडनची मॅच, आपल्याकडे सकाळी साडेआठ. काल दसरा झाला, आज सोनं लुटलं. जॅक्सनव्हिलवर ३५–१६. चार टचडाउन पास, दोन ॲलनला आणि दोन कमेटला. मागच्या रविवारी कॅरोलायनावर ३६–१०, तेव्हा ३०४ यार्ड्स. आपण ४–२. ३० टचडाउनचं माझं वाक्य कुणीतरी वर आणा.

प्रेषक: ऑरोराहून
२८ ऑक्टोबर २०२४

काल आमच्याकडे फराळाचे डबे भरत होतो, दहा माणसं, टीव्ही चालू. शेवटचा बॉल उडाला तेव्हा चकलीचा डबा माझ्या हातात होता. वॉशिंग्टनच्या रुकीने, डॅनियल्सने, ५२ यार्ड्सवरून आभाळात फेकला आणि गर्दीत उडून तो नोआ ब्राउनच्या हातात. १५–१८. आणि आपला स्टीव्हनसन तो खेळ सुरू होताना प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांना चिडवत होता!

पण सगळं त्याच्यावर ढकलू नका. त्याआधी एक यार्डावर असताना बॉल लाइनमनच्या, डग क्रेमरच्या हातात द्यायची युक्ती कुणाची होती? बॉल त्याच्या हातातून निसटला आणि गेला. मूर आहे, ॲलन आहे, ओडुंझे आहे, आणि बॉल कुणाला, तर सेंटरला.

प्रेषक: नेपरव्हिलचे काका
११ नोव्हेंबर २०२४

काल मी मॅच पूर्ण पाहिली. घरात बाकीचे उठून गेले.

न्यू इंग्लंडकडून घरच्या मैदानावर ३–१९. नऊ सॅक, म्हणजे बॉल हातात असतानाच क्वार्टरबॅकला नऊ वेळा पाडलं. लाइनच्या कडा सांभाळणारे आपले दोन्ही टॅकल, जोन्स आणि राइट, दुखापतीने बाहेर. कडेची दोन्ही दारं उघडी आणि मध्ये बावीस वर्षांचा मुलगा. स्टेडियममध्ये लोक हुर्यो करत होते, ती त्याच्यासाठी नसावी असं धरून चालतो.

ऑगस्टमध्ये आपण सगळे रिसीव्हर मोजत बसलो होतो. मॅनेजमेंटनेही तेच केलं. नवव्या क्रमांकावर ओडुंझे घेतला याचा आनंद मलाही झाला, तो मुलगा गुणी आहे. पण तो पाच पावलं जाऊन वळेपर्यंत क्वार्टरबॅक जमिनीवर असेल तर त्याच्या १,६४० यार्ड्सचं काय लोणचं घालायचं?

प्रेषक: ऑरोराहून
११ नोव्हेंबर २०२४

काका, निम्मं पटलं.

मी रात्री ते सॅक परत लावून बघितले. काही वेळा टॅकल उभ्या उभ्या हरला, तिथे कुणाचंच चाललं नसतं. पण काही वेळा कमेट जवळच मोकळा उभा होता आणि विल्यम्स त्याच्या डोक्यावरून लांब बघत होता. मग गिरकी, मग मागे पळणं, आणि पाच यार्डांच्या ऐवजी पंधरा यार्डांचं नुकसान. बॉल बाहेर फेकून दे आणि पुढचा डाव खेळ, हे त्याला अजून पटत नाही. सॅक लाइनच्या खात्यावर लिहितात, त्यातले काही त्याचे आहेत.

आणि त्याला हे शिकवायचं काम ज्याचं, त्या माणसाचं काय? प्रत्येक वेळी तोच लांबचा रूट. थंडीत, मागे पडलेले असताना, बदली टॅकल घेऊन.

प्रेषक: शॉम्बर्गकर
१२ नोव्हेंबर २०२४

ताई, तुमची मेल क्लबच्या मुख्यालयात, लेक फॉरेस्टला, वाचली बहुतेक. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे हल्ल्याचे डाव ठरवणारा कोच, वॉल्ड्रनला आज काढलं. थॉमस ब्राउन आला.

प्रेषक: कार्यवाह
२९ नोव्हेंबर २०२४

या विषयावर मी लिहिणार नव्हते. काल थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे पाहुणे होते म्हणून टीव्हीसमोर बसले.

डेट्रॉइटशी मॅच, आपण २०–२३ ने मागे, ३२ सेकंद उरलेले, एक टाइमआउट शिल्लक. मुलगा सॅक झाला. घड्याळ चालू. कोच हात बांधून उभे. मला खेळातलं काही कळत नाही, पण टाइमआउट हा जपून ठेवायचा पदार्थ नाही एवढं कळतं. शेवटी त्याने ओडुंझेकडे लांब फेकला, तोवर वेळ संपली.

आज एबरफ्लूसना काढलं असं ऐकलं. या क्लबने सीझनच्या मध्ये मुख्य कोच काढायची ही पहिलीच वेळ म्हणे. बरं झालं.

प्रेषक: शॉम्बर्गकर
६ जानेवारी २०२५

सलग दहा हरल्यानंतर काल लॅम्बोवर जाऊन पॅकर्सना २४–२२ ने हरवलं. सांतोसचा ५१ यार्ड्सचा फील्ड गोल, घड्याळ शून्यावर. पॅकर्सविरुद्ध सलग अकरा पराभव झाले होते. ५–१२ ची काय ती बोच, कालची रात्र मी कुणाला देणार नाही.

हिशोब: विल्यम्स ३,५४१ यार्ड्स, २० टचडाउन, इंटरसेप्शन फक्त ६. ओडुंझे ७३४ यार्ड्स, ॲलन ७४४, मूर ९६६. ताई, एकही हजारावर नाही, आणि ओडुंझेच सगळ्यांत लहान. पण फुकट गेला असं मी म्हटलेलं नाही, बरं का.

प्रेषक: नेपरव्हिलचे काका
६ जानेवारी २०२५

एक आकडा सोडलात: ६८ सॅक. लीगमध्ये या सीझनला सगळ्यांत जास्त. एवढा मार खाऊन इंटरसेप्शन सहा, आणि सतराही मॅचेस खेळला. मुलगा टिकाऊ आहे, माझी शंका फिटली. ताईंच्या म्हणण्याप्रमाणे बॉल लवकर सोडायला शिकवणारा कोच मिळाला आणि पुढे धड पाच माणसं उभी केली, तर तुमचे चार हजार मी हसण्यावारी नेणार नाही.

कालच्या विजयाने एक झालं. ड्राफ्टमध्ये आपण दहाव्या क्रमांकावर आलो. एप्रिलमध्ये ड्राफ्ट ग्रीन बेला आहे, गाडीने जाण्यासारखा. कुणी निघणार असेल तर मला कळवा. गाडीत रिसीव्हर मागणाऱ्याला मागच्या सीटवर बसावं लागेल.