मुंबईहून मूळ गावाकडे, लांबच्या रस्त्याने : तुमचे अनुभव

मुंबईत कितीही पिढ्या काढल्या, तरी नाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न "गाव कुठलं?" हाच येतो. त्या गावाकडे, कुलदैवताकडे किंवा पूर्वजांच्या घराकडे स्वतःच्या गाडीने, जवळचा रस्ता सोडून मुद्दाम रानातून किंवा किनाऱ्याने गेलेल्यांनी आपले अनुभव इथे लिहावेत, अशी विनंती आहे. कोणत्या वाटेने गेलात, वाटेत काय पाहिले आणि घराण्याविषयी हाती काय लागले, हे तिन्ही आले तर उत्तम. उपाहारगृहांच्या याद्या कृपया नकोत. प्रत्येक अनुभवावर लिहिणाऱ्याचा मुंबईतला भाग दिला आहे. सुरुवात मीच करतो.

विलेपार्ले

आमचे कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर आणि घरही त्याच तालुक्यात. वडील होते तोवर आम्ही महामार्गाने चिपळूण गाठून तिथून गुहागरला उतरत असू. या वेळी आईला घेऊन सगळा प्रवास किनाऱ्याने करायचे ठरवले, त्याला कारण आजी. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग ही बंदरांची नावे ती एका दमात म्हणत असे, कारण लग्न होऊन ती मुंबईला आली ती भाऊच्या धक्क्यावर लागणाऱ्या आगबोटीने. तिचे कोकण समुद्राने जोडलेले होते. आमचे कोकण महामार्गाला फुटलेल्या फाट्यांपुरते उरले होते.

अटल सेतूवरून वडखळ, अलिबाग, रेवदंडा आणि साळावचा पूल ओलांडला की उजवीकडे समुद्र आणि डावीकडे डोंगर सुरू होतो. याच डोंगरात फणसाडचे रान आहे. जंजिऱ्याच्या नवाबाच्या शिकारीसाठी राखलेले हे रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. इथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. अशाच एका गाणीजवळ आम्ही बराच वेळ नुसते बसून होतो आणि शेवटी डोक्यावरच्या फांदीवरून शेकरू गेला, तो आधी आईला दिसला.

पुढे खाड्या लागतात. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी आणि दाभोळहून धोपावे अशा तीन ठिकाणी गाडी जंगलजेट्टीवर, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवर, चढवावी लागते. एकाच बाजूला फळी असलेली बोट असेल, तर गाडी उलटी घ्यावी लागते. तेव्हा धक्क्यावरचा पोऱ्या मागच्या काचेवर थापटत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत राहतो आणि मग एकदम दोन थापा मारून थांबवतो. दिघीला जाताना उघड्या समुद्राच्या बाजूला जंजिरा दिसतो. श्रीवर्धनला पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ स्थान पाहून आणि रोठा सुपारी घेऊन आम्ही पुढे केळशी, आंजर्ले, हर्णे करत दाभोळला आलो. आजीच्या यादीतली पहिली दोन बंदरे अशी एकापाठोपाठ एक, खाडीच्या अंतराने समोर आली, तेव्हा ती यादी म्हणजे तिचा नकाशाच होता हे कळले.

घर बंद असते आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. सातबाऱ्यावर इतक्या वारसांची नावे चढली आहेत की छपराची कौले फिरवायची म्हटली, तरी कोणाला विचारावे हा प्रश्न पडतो. माजघरातल्या कोनाड्याच्या दाराला आतून पणजोबांनी पेन्सिलीने बोटीच्या नोंदी केलेल्या आहेत : "दाभोळास बोट लागली", "बोट आली नाही, परत". पावसाळ्यात बोटी बंद असल्यामुळे ज्येष्ठानंतर काही लिहिलेले नाही. या नोंदी मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण धोपाव्याच्या धक्क्यावर उतरून तासाभराच्या आत त्या पुन्हा वाचल्या, तेव्हा 'परत' या शब्दामागची पायपीट प्रथमच जाणवली.

भायखळा

वर भाऊच्या धक्क्याचा उल्लेख आला आहे. आम्ही तिथूनच गाडीसकट रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो. २०२० मध्ये ही सोय झाल्यापासून आमच्यासारख्यांना गाव अगदीच जवळ आले आहे. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्या आडनावातच अलिबाग तालुक्यातले एक गाव आहे, पण तिथे आमचे कोणी राहत नाही. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून आमच्या पूर्वजांना 'शनिवार तेली' म्हणत. १९४८ नंतर बहुतेक घरे हळूहळू इस्रायलला गेली आणि आमची शाखा मुंबईत राहिली. तिकडून आलेल्या आत्याला आणि तिच्या नातवंडांना मूळ ठिकाणे दाखवावीत, एवढाच या प्रवासाचा हेतू होता.

मांडव्यापासून किहीमपर्यंत माडांच्या वाड्यांतून जाणारा रस्ता अरुंद आहे आणि सुटीच्या दिवशी त्यावर मुंबईच्या गाड्यांची इतकी गर्दी होते की वाडीचा वाससुद्धा येत नाही. आठवड्यातल्या मधल्या दिवशी जावे. नवगावच्या किनाऱ्याजवळ आमचे जुने दफनस्थान आहे. जहाज फुटून वाचलेली सात जोडपी इथे किनाऱ्याला लागली, अशी आमची परंपरा सांगते. नातवंडांना मराठी येत नाही आणि आत्याची मराठी मात्र तिने देश सोडला तेव्हाचीच राहिली आहे. ती मुलांना हिब्रूत सांगत होती आणि वाटेने जाणाऱ्या कोळणीला "बाय, पाणी मिळंल का गो?" असे विचारत होती. अलिबागच्या इस्रायल आळीतले सिनेगॉग पाहून आम्ही सागावला गेलो. तिथल्या खडकावरच्या खुणा एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या रथाच्या, असे मानतात. खडकाजवळ मलिद्याचे ताट केले : भिजवलेले पोहे, गूळ, ओला नारळ आणि वर फळे. पोहे अलिबागच्या बाजारातले होते आणि आत्याच्या मते तेच खरे.

लालबाग

आमचा रस्ता महामार्गाचाच, कारण गाव संगमेश्वर तालुक्यात आणि जायचे शिमग्याला, म्हणजे पालखी घरी येण्याआधी पोचायचे. २०११ मध्ये सुरू झालेल्या चौपदरीकरणाविषयी लिहीत नाही, सगळ्यांनाच ठाऊक आहे. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातला वेळ वाचतो, हे मान्य. पण रुंदीकरणात रस्त्याकाठची जुनी झाडे गेली, ते दुःख मोठे आहे.

रान पाहायचे तर आमच्या गावची देवरहाटी पाहावी. ग्रामदेवतेच्या देवळाभोवतीच्या त्या झाडीतली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीसाठी नेत नाही. माझे आजोबा गिरणीत होते आणि गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपत. १८ जानेवारी १९८२ चा संप लांबला तसे खोलीतले निम्मे लोक गावी परतले आणि देवळाच्या जीर्णोद्धाराला त्यांचेच हात लागले. सभामंडपात देणगीदारांची फरशी आहे. तिच्यावर माणसांच्या नावांच्या शेवटी आमच्या त्या खोलीचेही नाव कोरलेले आहे. मुलाला ते दाखवले, तर त्याने खोलीचा पत्ता विचारला. तिथे आता टॉवर आहे.

चेंबूर

आम्ही महाड आणि मंडणगड असा मार्ग धरला. महाडच्या अलीकडे महामार्गावरूनच गांधारपाल्याची बौद्ध लेणी दिसतात. बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात, पण तिथे अवश्य चढून जावे. महाडला चवदार तळ्यावर गेलो, जिथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सत्याग्रह केला. दरवर्षी त्या तारखेला लोटणारा समुदाय मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिला आहे. एरवी गेल्यास पायऱ्यांवर निवांत बसता येते.

तिथून मंडणगड तालुक्यात, बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे इथे गेलो. आमचे गाव त्याच भागातले आहे. वर सातबारा, कोनाडा, देणगीदारांची फरशी असे उल्लेख वाचले. आमच्याकडे यातले काही नाही. पणजोबा फौजेतून निवृत्त होऊन कॅम्प दापोलीत राहिले आणि वस्तीतले घर पडले ते पडलेच. आत्याने चिंचेच्या झाडावरून आणि विहिरीच्या दिशेवरून जागा दाखवली. तिथे आता करवंदीच्या जाळ्या आहेत. आम्ही जाळी बाजूला करून जोत्याचा दगड शोधला आणि एक कोपरा सापडला. आत्याने त्याच्याजवळ उभे राहून चूल कुठे होती, दार कोणत्या बाजूला होते, हे हाताने आखून दाखवले. मुलीने ते चित्रित करून ठेवले आहे.

घाटकोपर

आमच्या प्रवासात समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि तिथून खाली तापोळा. आमचे गाव जावळीच्या खोऱ्यातले. कोयनेचे धरण झाले आणि ते शिवसागर जलाशयात गेले. काही घरे दूर नव्या वसाहतींत बसवली, काहींनी आमच्या आजोबांसारखी मुंबईत माथाडीची वाट धरली. म्हणून आमच्याकडे गावाला जायचे म्हणजे बोटीत बसायचे. नावाडी इंजिन बंद करतो, "इथं खाली तुमची आळी" म्हणतो, आजी पाण्यात हळदकुंकू सोडते. पाणी उतरलेल्या उन्हाळ्यात गेलो, तेव्हा चिखलातून वर आलेल्या बांधांच्या ओळी दिसल्या आणि आजीने त्यांतले आमचे शेत ओळखल्याचे सांगितले. ती तेव्हा सासुरवाशीण होती, त्यामुळे मी शंका घेत नाही.

पलीकडचे रान म्हणजे कोयना अभयारण्य. ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वासोटा किल्ल्यावर जायचे असल्यास बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यावी लागते आणि पावसाळ्यात तो रस्ता बंद असतो. बोटीचे भाडे गटावर ठरते, तेव्हा दोघेच जाणार असाल तर धक्क्यावर थोडे थांबून आणखी माणसे मिळतात का ते पाहावे. परतीला कास पठारावरून सातारा घेता येतो, मात्र फुलांच्या दिवसांत तिथे वाहनांची रांग लागते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेला असाल, तर आल्या घाटानेच परत फिरावे.