सीव्ही जॉइंटचे बोल्ट सुटतात, त्याचं मूळ ग्रीसमध्ये

लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारा द्रव गोंद) लावूनही सीव्ही जॉइंटचे, म्हणजे चाकाकडे फिरता जोर नेणाऱ्या ॲक्सलवरच्या सांध्याचे, बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतात, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं मूळ ग्रीसमध्ये आहे. जॉइंटमधलं ग्रीस फ्लँजच्या (जॉइंट ज्या चकतीला बोल्टने जोडतात तिच्या) तोंडावर आणि बोल्टच्या आट्यांत शिरलं, की तिथलं घर्षण कमी होतं. मग फ्लँज आडवा किंचित सरकत राहतो आणि बोल्ट थोडा थोडा उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यांनी १९६९ मध्ये हेच प्रयोगाने दाखवलं होतं. साध्या स्प्रिंग वॉशरवर म्हणूनच माझा भरवसा नाही.

ब्रेक क्लीनरने बोल्ट, भोकं आणि दोन्ही तोंडं अगदी कोरडी करा. फ्लँजच्या तोंडावर रंग असेल तर तोही काढा, कारण रंग दबला की बोल्टचा ताण जातो. आटे झिजलेले बोल्ट सरळ बदला. मग निळं लॉकटाइट, मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) आणि समोरासमोरच्या क्रमाने आवळणं. लॉकटाइट पूर्ण धरेपर्यंत गाडी चोवीस तास हलवू नका, ही घाई फार नडते.

शेवटी बोल्टच्या डोक्यावरून फ्लँजपर्यंत रंगाची रेघ ओढा. पुढे फक्त रेघ बघायची. उगाच पाना लावून फिरवलात तर धरलेलं लॉकटाइट तुटतं. रेघ सरकलेली दिसली, तर मात्र सगळे बोल्ट काढून पुन्हा पहिल्यापासून.