मदत हवी आहे: विजयदुर्ग ते मालवण, वाहने टाळून कच्च्या वाटांनी सायकलने जाता येईल का?

नमस्कार.

येत्या मार्गशीर्षात मी आणि माझी पत्नी विजयदुर्गाहून मालवणला सायकलने जाणार आहोत. हाताशी तीन दिवस आहेत आणि घाई अजिबात नाही. अट एकच आहे, आणि ती पत्नीची आहे: मोटारी, टेम्पो आणि डंपर यांच्या शेजारून तिला सायकल चालवायची नाही. गेल्या वर्षी सागरी महामार्गाच्या एका चढावर मागून आलेल्या डंपरचा आरसा तिच्या हँडलला घासून गेला. ती पडली नाही, पण रबरी मुठीवर त्या वेळी उमटलेला चरा अजून तसाच आहे, आणि मूठ बदलून घेऊ म्हटले की ती नको म्हणते. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग आम्ही काही वर्षांपूर्वी रमतगमत केला होता. आता जिथे जिथे रुंदीकरण झाले आहे तिथे सायकलस्वाराला ती निवांतता उरलेली नाही, असे माझे मत आहे.

हाच टप्पा निवडण्याचे कारण किल्ले. शिलाहारांच्या काळापासूनचा आणि १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेलेला विजयदुर्ग एका टोकाला, आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याचा पाया घातला गेला तो सिंधुदुर्ग दुसऱ्या टोकाला. जुलै २०२५ मध्ये हे दोन्ही किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यामुळे सुट्ट्यांमध्ये मोटारींची गर्दी वाढेल, हे गृहीत धरूनच मी हे नियोजन करत आहे.

उपग्रहाच्या छायाचित्रात गिर्ये, पडेल आणि देवगडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, तांबड्या रेघांचे जाळे दिसते. त्यातल्या काही रेघा एकमेकींना जोडून मी सुमारे चाळीस किलोमीटरची कच्ची वाट आखली आहे. या वाटा खरोखर आरपार जातात का, त्यावर कोणी सायकल चालवली आहे का, आणि हापूसच्या बागांमधून गेल्यास कोणाची हरकत असते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूतून किती अंतर जाता येईल, हाही प्रश्न आहे. माझ्या सायकलीला ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर आहेत, पत्नीच्या सायकलीला ३८ मिलिमीटरचे, ट्यूब असलेले.

प्रतिसाद १

वाटेबद्दल जाणकार सांगतीलच, मी फक्त येण्याजाण्याचे सांगतो. परतीसाठी मालवणहून कुडाळ स्टेशन सोयीचे पडते. सायकली पार्सल म्हणून नोंदवाव्या लागतात, आणि लहान स्टेशनांवर गाडी जेमतेम थांबते. त्यामुळे ज्या गाडीने जाणार त्या गाडीत त्या स्टेशनवर पार्सल चढवतात का, हे आधी विचारून ठेवा. पॅनियर (कॅरियरच्या बाजूंना लावायच्या पिशव्या) आणि पाण्याच्या बाटल्या सायकलीला लावून ठेवू नका.

प्रतिसाद २

मी देवगड तालुक्यातलाच आहे आणि गेली सहा-सात वर्षे या सड्यांवर सायकल चालवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुम्ही आखलेल्या चाळीस किलोमीटरांपैकी निम्म्याहून अधिक वाट तुम्हाला मिळणार नाही, असे मला वाटते. वरून दिसणारी तांबडी रेघ पुष्कळदा चिरेखाणीत, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापतात त्या खाणीत, जाऊन संपते. खाणीवर ट्रक जाण्यापुरता तो रस्ता पाडलेला असतो, आणि पुढे जांभा सरळ उभा कापलेला खड्डा असतो. सोडून दिलेल्या खाणीला कुंपण नसते. मार्गशीर्षात गवत सुकून कंबरेएवढे उभे असते, त्यामुळे कड अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. चालू खाणीच्या रस्त्यावर तर ज्या डंपरला टाळून तुम्ही आलात तोच समोरून येईल, आणि त्याच्यामागची धूळ बसायला पाच मिनिटे लागतील. म्हणून सड्यावर शिरण्यापूर्वी जवळच्या वाडीत एकच प्रश्न विचारा: ही गाडीवाट पलीकडच्या वाडीत उतरते का? उतरत असेल तर बिनधास्त जा, नाहीतर डांबरी रस्ता धरा.

कातळ म्हणजे खडीची वाट नव्हे, हेही ध्यानात असू द्या. जांभ्याच्या पृष्ठभागावर भोके आणि धारदार कंगोरे असतात. टायर जमिनीला टेकतो तिथे टिकतो, बाजूने फाटतो. करवंदीच्या जाळ्यांचे काटे वेगळेच. पत्नींच्या सायकलीला जास्तीत जास्त रुंद टायर बसवून घ्या, हवा थोडी कमी ठेवा आणि फाटलेल्या बाजूला आतून लावण्यासाठी जुन्या टायरचा तुकडा सोबत घ्या. काही सड्यांवर कातळशिल्पे आहेत. मालवण तालुक्यातल्या कुडोपीचे शिल्पस्थळ तर युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. मळलेली वाट सोडून मोकळ्या कातळावर सायकल घालू नका, कारण गवताखाली रेषा असल्या तर त्या दिसत नाहीत.

बागांचे म्हणाल तर त्या खाजगी आहेत, पण विचारून गेलेल्याला सहसा कोणी अडवत नाही. राखणीला अनेक ठिकाणी नेपाळी कुटुंबे राहतात. कुत्री त्यांचीच, त्यामुळे गडग्याबाहेरून, म्हणजे दगडी कुंपणाबाहेरून, हाक मारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. काढलेले बेडे (वाट अडवणारे आडवे वासे) पुन्हा लावा, नाहीतर गुरे आत शिरतात आणि पुढच्या सायकलवाल्याला शिव्या खाव्या लागतात. पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, मात्र सायकल खांद्यावर घ्यावी लागेल. गिर्ये येथील रामेश्वराकडे उतरणारी कातळात खोदलेली वाट पाहण्यासारखी आहे, पण तिथे सायकली वरच ठेवा.

तुमच्या अटीत खऱ्या अर्थाने बसते ती वाळू. मिठबाव ते तांबळडेग आणि तोंडवळी ते तळाशील हे दोन पट्टे ओहोटीला सायकलसाठी उत्तम आहेत. वेळ काढण्याचा आमचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. तृतीयेला सुमारे सव्वादोन वाजता भरती, म्हणजे सकाळी आठ-सव्वाआठला पाणी पुरते ओसरलेले. पौर्णिमेनंतर वद्य द्वितीयेला विजयदुर्ग सोडलात तर पुढच्या दोन्ही सकाळी ओली, घट्ट वाळू मिळेल. सायकल पाण्याच्या कडेच्या त्या ओल्या पट्ट्यावरच ठेवा. वरची कोरडी वाळू चाक गिळते, आणि या दिवसांत कासवांची अंडी घालण्याची सुरुवात होते ती तिथेच. संध्याकाळी साखळी गोड्या पाण्याने धुऊन तेल द्यायला विसरू नका, मीठ एका रात्रीत गंज चढवते.

देवगड ते कुणकेश्वर या टप्प्यात तारामुंबरी–मिठमुंबरी पूल टाळता येणार नाही. तो सकाळी सातच्या आत ओलांडा. अशी दोन-तीन ठिकाणे सोडली तर वाडीवाडीतून जाणारे अरुंद डांबरी रस्ते आहेत, जिथे तासाभरात चार दुचाकी आणि एक एसटी भेटते. शुद्ध कच्ची वाट हवी हा हट्ट सोडलात तर पत्नींची अट पाळता येईल.

धागाकर्ता

आपले मनापासून आभार. चिरेखाणींची बाब माझ्या डोक्यातच आली नव्हती. पत्नीला हा प्रतिसाद वाचून दाखवला. एसटी चालेल, असा निरोप आहे. वद्य द्वितीयेला निघण्याचे निश्चित केले आहे. आता एकच शंका उरते: तळाशीलहून सर्जेकोटला होडीने खाडी ओलांडता आली तर मालवणपर्यंतचा मोठा वळसा वाचेल. दोन सायकली होडीत घेतात का?

प्रतिसाद २

घेतात, पण होडी ठरलेल्या वेळेची नसते, आदल्या दिवशी गावात विचारून बोलणी करून ठेवा. सायकली आडव्या टाकाव्या लागतात, साखळीची बाजू वर येऊ द्या. दुपारनंतर वारा उठतो आणि खाडीच्या तोंडाशी पाणी उसळते, त्यामुळे अकराच्या आत पलीकडे जा. वाटेत किनाऱ्यावर रापण (दोरांनी किनाऱ्याकडे ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे) ओढत असतील तर दोराच्या अलीकडेच उतरा आणि ओढणाऱ्यांच्या मागून, वरच्या वाळूतून सायकल हातात धरून चालत जा. ताणलेल्या दोरावरून चाक नेलेले कोणालाही आवडत नाही. थांबून दोराला हात लावलात तर तेवढे ओढून झाल्यावर होडीवाला तेच शोधून देतील.