मदत हवी आहे: रॉकेट जमीन सोडतं, त्या क्षणाला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

येवल्याजवळच्या एका गावात मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी मुलांनी पाण्याचं रॉकेट केलंय. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी, तोंडाला घट्ट बूच आणि बुचातून सायकलच्या पंपाची नळी. बाटली उलटी उभी करून हवा भरत राहायचं. दाब बुचाला पेलेनासा झाला की पाणी जोरात खाली फेकलं जातं आणि बाटली वर. प्रयोग छान होतो, अडलंय ते फलकावर.

फलकावर चार चित्रं आहेत. तिघांना नावं मिळाली: दाब, उड्डाण, अवतरण. राहिलं ते दुसरं चित्र. बूच निघालंय, बाटली जमिनीपासून जेमतेम वीतभर वर आहे. त्याखाली काय लिहू?

पुस्तकी शब्द 'प्रक्षेपण'. पण प्रक्षेपण माणसं करतात, रॉकेट नाही. शिवाय मुलांच्या कानाला तो शब्द क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणातून ओळखीचा. १४ जुलै २०२३ ला दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघालं, ते आम्ही वर्गात पाहिलं. मी फळ्यावर 'प्रक्षेपणाचे थेट प्रक्षेपण' लिहिलं होतं. एका मुलाने विचारलं, "बाई, दोनदा का लिहिलंय?"

'झेपावलं' हा पेपरवाल्यांचा शब्द मला आवडतो, पण झेप म्हटली की आधी दबा धरून बसलेला बिबट्या दिसतो. त्या दिवशी पडद्यावर तसं काही दिसलं नाही. बाजूचे दोन बूस्टर पेटले आणि सुमारे ६४० टनांचं ते धूड जणू कुणी खालून उचलावं तसं वर निघालं.

संक्रांतीला आमच्याकडे घरोघरी आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, फिरते, पतंगाची सगळी बोली मुलांच्या तोंडी आहे. तिथेही शोधलं. पण पतंगाला वारा उचलतो, म्हणून ते शब्द इथे बसेनात.

चाचणीच्या दिवशी पंप मारणारी मुलगी, कोपरापर्यंत चिखल, एकदम ओरडली, "बाई, सुटली!" बाण सुटतो, गाडी सुटते, वारा सुटतो. मला हाच शब्द पटलाय. पण त्याचं नाम कुठून आणू? 'सुटका' म्हटलं की मन तुरुंगाकडे जातं. कुणी सुचवेल का? प्रदर्शन सोमवारी आहे.

प्रतिसाद १

ताई, आमच्या सोलापूरकडे पाखरं 'उठतात'. हुरड्यात आलेल्या ज्वारीत माळ्यावर उभं राहून गोफण फिरवली की अख्खा थवा एकदम उठतो. उडतो नंतर. भिगवणला रोहित पक्षी बघा, पाण्यावर पावलं टाकत पळतो आणि मग उठतो. जमीन सुटण्याचा क्षण त्या शब्दात नेमका आहे.

प्रतिसाद २

माझ्या मते 'प्रक्षेपण'च ठेवा. परीक्षक पाठ्यपुस्तकातली परिभाषा बघतात, मुलांचे गुण जायला नकोत. जहाजाच्या वेळी 'जलावतरण' म्हणतो, पुस्तकाचं 'प्रकाशन', योजनेचा 'शुभारंभ'. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द असला तरी मराठीने प्रत्येकाला वेगळा शब्द दिलाय. रॉकेटचा तो ठरलेला आहे.

प्रतिसाद ३

बाई, नाम हवंच कशाला? मराठीचं बळ क्रियापदात आहे. चारही चित्रांखाली क्रियापदंच लिहा: भरली, सुटली, चढली, उतरली. वाचणारं पोर फलकापाशीच ते मोठ्याने म्हणेल.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. 'उठली' मुलांना सांगितलं, आवडलंही. पण पाखरू स्वतःच्या पंखांनी उठतं आणि इथे पाणी मागे फेकल्यामुळे बाटली पुढे जाते, न्यूटनचा तिसरा नियम. तो 'सुटली'त जास्त दिसतो. त्यामुळे भरली, सुटली, चढली, उतरली असंच लिहितोय, आणि 'सुटली'खाली बारीक अक्षरात 'प्रक्षेपण', म्हणजे परीक्षकांचीही अडचण होणार नाही.

आता त्याच मुलीला पाचवं चित्र हवंय. बाटली अगदी वर पोचून क्षणभर थांबते ते, चढणं संपलंय आणि उतरणं सुरू झालेलं नाही. मी 'थबकली' म्हटलं. ती म्हणते, थबकायला समोर काहीतरी आडवं यावं लागतं. याला तुमच्याकडे काय म्हणतात?